आधी कॅलस विचारा, मग जनुक: चारा-गवतांच्या प्रकल्पांना निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
चारा-गवतांच्या जनुकीय सुधारणेचे प्रस्ताव तपासणाऱ्या आणि त्यांना निधी देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स.न.वि.वि.

आपल्याकडे येणाऱ्या प्रस्तावांची ठेवण एव्हाना ठरून गेली आहे. सुरुवातीची पाने जनुकाची. चाऱ्याला कडकपणा देणारे लिग्निन कमी करून चारा पचायला हलका करणारे जनुक, पाण्याचा ताण सोसणारे जनुक, पानांतले तेल वाढवून चाऱ्याची ऊर्जा वाढवणारे जनुक. मागोमाग प्रमोटरचा (जनुक चालू करणाऱ्या भागाचा) नकाशा, प्लाझ्मिडचे (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनए-वर्तुळाचे) चित्र, अपेक्षित फायद्यांचे तक्ते. आणि मग कुठेतरी शेवटाकडे एक ओळ: 'प्रचलित ऊतीसंवर्धन पद्धतीने परिवर्तित रोपे तयार करण्यात येतील.' प्रकल्प अडतो तो बहुतेकदा याच ओळीपाशी.

गवताच्या पेशीत जनुक घालणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ज्या पेशीत ते गेले त्याच पेशीतून हिरवे, धडधाकट, फुलोऱ्यावर येणारे रोप परत मिळवणे अजूनही अवघड आहे, आणि ते प्रत्येक गवतात, इतकेच काय प्रत्येक दाण्यात, वेगळ्या कारणाने अवघड आहे. म्हणून गवतवर्गीय पिकांच्या ऊतीसंवर्धनाचे (पेशी-ऊतींपासून डिशमध्ये रोपे वाढवण्याचे) काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची विनंती अशी की, प्रस्तावात कॅलसची (दाण्यापासून डिशमध्ये वाढणाऱ्या, अजून आकार न घेतलेल्या पेशींच्या गोळ्याची) माहिती जनुकाच्या आधी मागावी, पहिला टप्पा फक्त तिच्यासाठी राखावा आणि अहवालातली मोजदाद बदलावी. का, ते पुढे तपशिलाने.

पहिला प्रश्न विचारायचा तो गवताच्या प्रजननाचा. भात किंवा गहू स्वपरागी. त्यांचे वाण म्हणजे जवळपास एकच जनुकरूप (जनुकांची ठेवण). चारा-गवतांत ही सोय नाही. बारमाही रायग्रास आणि टॉल फेस्क्यू परपरागी आणि स्व-असंगत आहेत. रायग्रासमध्ये एस आणि झेड अशी दोन जनुकस्थाने स्वतःचा पराग स्वतःच्या फुलावर चालू देत नाहीत. त्यामुळे एकाच पिशवीतले दोन दाणे एका वाणाचे असले तरी जनुकरूपाने वेगळे असतात. एकाचे कॅलस भराभर कोंब देईल, शेजारचे कितीही लाड केले तरी नुसते फुगत राहील. 'अमुक वाणात ३० टक्के पुनर्जनन' असा आकडा प्रस्तावात दिसला की तो किती दाण्यांवर काढला आणि त्यातले किती दाणे खरोखर कामाचे निघाले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. गिनी गवत, अंजन गवत, चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) बहिया गवताचा 'अर्जेंटाइन' वाण यांची गोष्ट निराळी. त्यांत बी बहुतांशी फलनाशिवाय तयार होते आणि आईची हुबेहूब प्रत असते, म्हणून बियांवर बसवलेली पद्धत पुढच्या खेपेलाही चालते. रायग्रासवरच्या प्रस्तावात अंजन गवताच्या यशाचा दाखला दिलेला असेल, तर तो बाजूला ठेवावा.

परपरागी गवतात काम करायची रीत एकच: प्रत्येक दाण्याचे कॅलस वेगळे, त्याला स्वतःचा क्रमांक, आणि शेवटपर्यंत मिसळ नाही. शेकड्यांनी दाणे लावावे लागतात, त्यातल्या मोजक्याच ओळी, म्हणजे एकेका दाण्यापासूनची कॅलसे, पुढे नेण्याजोग्या निघतात. ही चाळणी परिवर्तनाच्या, म्हणजे जनुक घालण्याच्या, आधी व्हायला हवी. प्रत्येक चांगल्या ओळीतून जनुक न घालता काही रोपे उभी करून कुंडीत ठेवायची. ती फुटवे वेगळे करून वाढवता येतात. पुढे त्यांच्याच कोवळ्या फुलोऱ्यापासून किंवा फुटव्याच्या शेंड्यापासून तेच जनुकरूप असलेले ताजे कॅलस पुन्हा मिळते, आणि तुलनेसाठी लागणारी अपरिवर्तित रोपेही आयती हाताशी राहतात. यात काही महिने जातात, आणि या महिन्यांत दाखवण्याजोगे 'जीएम' (जनुक घातलेले) रोप एकही नसते. तरी हा काळ वाया गेलेला समजू नये.

आता दाण्यापासून कॅलसपर्यंत. गवताच्या दाण्याला तूस घट्ट चिकटलेले असते आणि त्याच्या खाचांत बुरशीचे बीजाणू दडलेले असतात. ५० टक्के सल्फ्युरिक आम्लात ३० मिनिटे ढवळले की तूस सुटते. आम्ल पाण्यात सावकाश ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. दाणे भरपूर पाण्याने धुऊन, ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर ठेवून, ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचे थेंब घातलेल्या ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास फिरवायचे आणि निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवायचे. आम्ही इथे थांबत नाही. दाणे रात्रभर ४ अंशांवर ओले ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी हायपोक्लोराइटचा आणखी एक हात देतो; कोरड्या अवस्थेत तगलेले बीजाणू ओल मिळून जागे झालेले असतात आणि दुसऱ्या धुण्यात मरतात. मग लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोतात) दाणा उभा, भ्रूणातून चिरायचा. अख्ख्या दाण्यापेक्षा चिरलेल्या दाण्यातून कॅलस लवकर आणि जास्त सुटते.

माध्यम साधेच आहे: मुराशिगे व स्कूग यांचे १९६२ सालचे क्षार आणि जीवनसत्त्वे, लिटरला ३० ग्रॅम साखर, ५०० मि.ग्रॅ. केसीन हायड्रोलायसेट, ५ मि.ग्रॅ. २,४-डी (कॅलस सुटायला लावणारे संप्रेरक), सामू ५.८, घट्ट करायला सुमारे ३ ग्रॅम जेलराइट. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक). डिश अंधारात, २५ अंशांवर. रायग्रास आणि फेस्क्यू ५ मि.ग्रॅ. २,४-डी चांगले सोसतात. ते कमी पडले की दाणा कॅलस न देता सरळ उगवतो आणि अंधारात लांबलचक पांढरा कोंब टाकतो. उलट पाच मि.ग्रॅ.वरच महिनोन्‌महिने ठेवले की कॅलस वाढते पण कोंब द्यायची ताकद हरवून बसते; म्हणून ते सुटल्यावर दोनाच्या आसपास यावे. आणखी एका घटकाकडे सहसा दुर्लक्ष होते: तांबे. मूळ माध्यमात कॉपर सल्फेट जेमतेम ०.१ मायक्रोमोलर असते. ते ५ मायक्रोमोलरवर नेले की फेस्क्यूसारख्या गवतांत हिरव्या कोंबांचे प्रमाण सुधारते. खर्च नगण्य, फरक नजरेत भरणारा. तरीही ते कित्येकांच्या माध्यमात नसते, कारण ज्या तयार पुड्यातून माध्यम बनते त्यात ते नसते.

आता कॅलस. हा भाग आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, मग प्रस्तावातली 'प्रचलित पद्धत' किती तोकडी आहे ते लक्षात येईल. चार आठवड्यांच्या दाण्याभोवतीचा गोळा एकजिनसी नसतो. एका अंगाला पारदर्शक, पाणचट, चिमट्याला चिकटणारा भाग असतो. त्याच्या पेशी लांबट, फुगलेल्या, आत जवळपास पोकळ. दुसरीकडे घट्ट, पांढऱ्या गाठी. आणि या दोहोंच्या बेचक्यात कुठेतरी फिकट पिवळसर, कोरडा, रव्यासारखा मोकळा होणारा भाग दिसतो. पेशी लहान, गोलसर, आतून दाट. पुढे कोंब देणारे भ्रूण बनतात ते मुख्यतः या रवाळ भागातून. घट्ट गाठींतूनही बनतात, पण त्या सावकाश वाढतात आणि त्यांच्या आतल्या पेशींपर्यंत जनुकही नीट पोचत नाही आणि निवडीचे (जनुक न घेतलेल्या पेशी मारणारे) औषधही. चिमट्याच्या टोकाने दोन-तीन मिलिमीटरचे पिवळे कण वेचायचे आणि बाकीचे निर्दयपणे टाकून द्यायचे. 'सगळेच पुढे नेऊ' म्हटले की फसगत ठरलेली, कारण पाणचट भाग सर्वांत वेगाने वाढतो. तीन-चार बदल्यांत (ताज्या माध्यमावर हलवण्यांत) डिश भरून जाते, अहवालात 'कॅलसची उत्तम वाढ' असे लिहिले जाते, आणि त्यातून एक कोंब निघत नाही.

ही वेचणी दर तीन आठवड्यांनी, सगळ्या ओळींची. ती ज्या हातांनी होते ते हात प्रकल्पाचे खरे भांडवल. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र जनुकाच्या माणसाला पूर्ण मुदतीची नेमणूक असते आणि कॅलस सांभाळणाऱ्याला सहा-सहा महिन्यांचा करार. नवा माणूस आला की पुढच्या दोन बदल्यांतच ओळींचा दर्जा घसरतो. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो आणि ती कागदावर उतरवून देता येत नाही.

टॉल फेस्क्यू आणि बारमाही रायग्रासच्या प्रकल्पांत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: बियाणे अंतर्वासी बुरशीचे होते की बुरशीमुक्त? एपिक्लोई ही बुरशी या गवतांत पेशींच्या फटींत राहते आणि बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. तिच्यामुळे गवत किडींना आणि ताणाला दाद देत नाही. तिच्याच काही प्रकारांमुळे फेस्क्यूत एर्गोव्हॅलीन आणि रायग्रासमध्ये लोलिट्रेम-बी तयार होऊन जनावरे आजारी पडतात. ऊतीसंवर्धनात ती दोन प्रकारे नडते. पहिला प्रकार उघड असतो. दाणा बाहेरून कितीही धुतला तरी आतली बुरशी जिवंत राहते आणि काही दिवसांनी कॅलसच्या कडेने पांढरा, कापसासारखा, सावकाश पसरणारा थर येतो. हवेतून पडलेली बुरशी दोन-तीन दिवसांत डिश व्यापते. ही रेंगाळत येते, त्यामुळे 'निर्जंतुकीकरण कमी पडले' असे समजून हायपोक्लोराइटची वेळ वाढवली जाते, भ्रूण मरतात आणि बुरशी तशीच राहते. उपाय बियाणे निवडण्यात आहे. काही दाणे उगवून फुटव्याच्या बुडाच्या पर्णकोशाची साल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, बुरशीमुक्त बियाणेच घ्यावे. दमट, उबदार जागी साठवलेल्या बियांत बुरशी दाण्याच्या आधी मरते, हा गुण इथे उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार छुपा आहे आणि अहवालात तोच जास्त घात करतो. कॅलसमधून आलेले जीएम रोप बुरशीमुक्त असते. ते बियांपासून वाढवलेल्या, बुरशी असलेल्या त्याच वाणाच्या रोपाशेजारी लावले आणि 'आमचे रोप किडीला कमी टिकले' किंवा 'जनावरांनी हे आवडीने खाल्ले' असा निष्कर्ष काढला, तर तो जनुकाचा परिणाम आहे की बुरशीच्या अभावाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तुलनेची रोपे दोन हवीत: त्याच कॅलस ओळीतून जनुक न घालता आलेली, आणि बियांपासून आलेली बुरशीमुक्त. यापैकी पहिली नसतील तर शेतचाचणीला पैसा देऊ नये, इतके आमचे मत स्पष्ट आहे.

जनुक घालण्याच्या पद्धतींवर प्रस्तावात पुष्कळ लिहिलेले असते, तेव्हा इथे थोडक्यात. सुरुवातीची कामे प्रोटोप्लास्टवर (भित्तिका काढलेल्या पेशींवर) झाली: ऑर्चर्डग्रास १९८८ मध्ये, टॉल फेस्क्यू १९९२ मध्ये. त्यासाठी द्रवात हलत्या पेशींचे संवर्धन लागते, ते बसवायला महिने जातात आणि बसल्यावर काही महिन्यांतच ते म्हातारे होऊन पांढरी रोपे देऊ लागते. म्हणून पुढे सगळे जनुक-बंदुकीकडे आणि अ‍ॅग्रोबॅक्टेरियमकडे (वनस्पतीच्या पेशीत जनुक घालणाऱ्या जिवाणूकडे) वळले. बंदुकीत ०.६ ते १ मायक्रोमीटरचे सोन्याचे कण, ११०० पीएसआय दाबाला फुटणारी चकती, ६ सेंटिमीटर अंतर, पाऱ्याच्या २७-२८ इंचांची निर्वात अवस्था ही सर्वसाधारण मांडणी. मारा करण्याआधी चार तास आणि नंतर सोळा तास कॅलस ०.२ मोलर मॅनिटॉल आणि तितकेच सॉर्बिटॉल असलेल्या माध्यमावर ठेवतात, म्हणजे दोन्ही प्रत्येकी लिटरला साडेछत्तीस ग्रॅमच्या आसपास. पेशी आकसतात आणि भोक पडल्यावर आतला रस फेकत नाहीत. सोने लावलेल्या वाहक चकत्या दमट हवेत सुकवल्या तर सोन्याच्या गुठळ्या होतात आणि जिथे आदळतात तिथे पेशींचा लगदा होतो. बंदुकीने एकाच रोपात जनुकाच्या अनेक, मोडक्यातोडक्या प्रतीही बसतात. शक्य तिथे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम वापरावा.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या कामात तीन गोष्टींवर यश ठरते: आम्लता, तापमान आणि कोरडेपणा. त्याची जनुके पोचवणारी यंत्रणा अ‍ॅसिटोसिरिंगोनने (जखमी वनस्पती सोडते त्या रसायनाने) जागी होते, पण माध्यम ५.८ पेक्षा थोडे आम्लधर्मी, ५.२ ते ५.५ असावे लागते. १०० ते २०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन, जिवाणूंची घनता ०.५ ते १ ओडी (द्रवाच्या गढूळपणाचे माप), अर्धा तास बुडवणे. सहवासाचे तीन दिवस २३ ते २५ अंशांत. वातानुकूलन बंद पडून खोली २८-२९ च्या वर गेली तर जिवाणू जोमाने वाढतात, पण जनुक पोचवत नाहीत. डिश भरलेली दिसते, हाती काही लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे बुडवून काढलेले कॅलस निर्जंतुक टिपकागदावर चांगले कोरडे करायचे आणि सहवासही माध्यमाऐवजी किंचित ओलसर कागदावर द्यायचा. थोडी शुष्कता कॅलसला सोसते, जिवाणूंचा अतिरेक टळतो. ओल्या कॅलसवर वाढलेला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम पुढे २५० मि.ग्रॅ. टिमेन्टिन किंवा सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकांना पुरून उरतो.

निवडीसाठी कॅनामायसिन हे प्रतिजैविक लिहिलेले असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. गवताच्या पेशी ते मोठ्या प्रमाणातही सोसतात. एनपीटी-२ हे त्या गटातली प्रतिजैविके सोसू देणारे जनुक वापरायचेच असेल तर औषध पॅरोमोमायसिन किंवा जी-४१८ हवे. बहुतेक कामांत हायग्रोमायसिन वापरतात. त्याची मात्रा दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नये. त्याच ओळीच्या अपरिवर्तित कॅलसवर शून्यापासून २०० मि.ग्रॅ.पर्यंत पायऱ्या लावून पाहाव्यात आणि जिथे वाढ तीन-चार आठवड्यांत पुरती थांबते ती मात्रा घ्यावी. आठवड्याभरात सगळे काळे पडेल इतकी मात्रा लावली तर मरणाऱ्या पेशींतून सुटणारे फिनॉल शेजारच्या जिवंत, जनुक घेतलेल्या पेशींनाही घेऊन जातात. कमी लावली तर उरलेले कोंब बहुतेक बिनजनुकाचे, म्हणजे निसटलेले. आम्ही पहिल्या बदलीत अर्धी मात्रा आणि नंतर पूर्ण, हा मार्ग पसंत करतो. कॅलसचे कण तेव्हाही लहानच हवेत. मोठ्या गोळ्याच्या पोटात औषध पोचत नाही.

तणनाशक सहन करणारे निवडजनुक मात्र बारमाही, परपरागी गवतात घालू नये, असे आम्हाला वाटते. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या क्रीपिंग बेंटग्रासच्या अमेरिकेतल्या ओरेगनमधील लागवडीनंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत परागाने झालेला जनुकप्रसार २१ किलोमीटरपर्यंत सापडला होता. वाऱ्यावर पराग सोडणारे, रानात नातलग असलेले आणि जमिनीलगतच्या धावत्या खोडांनीही पसरणारे गवत कुंपणात राहत नाही. निवडीसाठी हायग्रोमायसिन किंवा मॅनोज या साखरेवर वाढू देणारे पीएमआय जनुक पुरेसे असताना ही जोखीम कशाला?

कोंब येण्याचा टप्पा: २,४-डी काढून टाकायचे, रायग्रास आणि फेस्क्यूला लिटरला ०.२ मि.ग्रॅ. कायनेटिन बऱ्याचदा पुरते, इतरांना १ मि.ग्रॅ.च्या आसपास बीएपी; दोन्ही कोंब आणणारी संप्रेरके. दिवसाला सोळा तास उजेड, पहिले काही दिवस मंद. कोंब आले की संप्रेरकाशिवायच्या अर्ध्या तीव्रतेच्या माध्यमावर मुळे फुटतात. तिथेही थोडे हायग्रोमायसिन ठेवावे. बिनजनुकाच्या रोपाची मुळे त्यात लांबत नाहीत, त्यामुळे निसटलेली रोपे इथेच गळतात. कुंडीत लावताना मुळांचे जेल पूर्ण धुवावे आणि आठ-दहा दिवस झाकण हळूहळू उघडत आर्द्रता कमी करावी.

या टप्प्यावर पांढरे कोंब किती आले ते अहवालात जवळजवळ कधीच नसते. हिरवे मोजले जातात, पांढरे फेकले जातात. परागकोशापासून काढलेल्या पांढऱ्या तृणधान्य रोपांच्या हरितलवकाच्या डीएनएमधून मोठे तुकडे गळालेले आढळले आहेत. कॅलस जुने होत जाते तसे पांढऱ्यांचे प्रमाण वाढते. म्हणून हिरव्यांच्या शेजारी पांढऱ्यांचा आकडा असला की कॅलसचे वय आणि तब्येत एका नजरेत कळते. ते प्रमाण चढत असेल तर हिरव्या दिसणाऱ्या रोपांतही गुणसूत्रांची मोडतोड झालेली असण्याची शक्यता धरून चालावे. दाणा लावल्यापासून चार महिन्यांहून जुने झालेले कॅलस परिवर्तनाला वापरू नये ही आम्ही घालून घेतलेली मर्यादा आहे. काही गवतांत ती सैल करता येईल, पण प्रत्येक प्रकल्पाने आपली मर्यादा लिहून द्यावी.

आता मोजदाद. 'आम्ही १२० परिवर्तित रोपे मिळवली' हे वाक्य वाचून खूश होऊ नये. कॅलसच्या एका कणातून वीस कोंब येऊ शकतात आणि ते सगळे एकाच घटनेची, म्हणजे एकदाच बसलेल्या जनुकाची, भावंडे असतात. विचारायचे ते स्वतंत्र घटना किती, आणि त्या किती वेगवेगळ्या जनुकरूपांत. १२० रोपे पाच घटनांची असतील आणि पाचही एकाच दाण्यातून आल्या असतील, तर तो एका दाण्यावरचा प्रयोग आहे. शिवाय कोंब नुकतेच आले असताना केलेला पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखण्याची चाचणी) फारसा विश्वासार्ह नसतो. ऊतीच्या फटींत लपलेला अ‍ॅग्रोबॅक्टेरियमही तोच पट्टा दाखवतो. जिवाणूच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचा, उदाहरणार्थ व्हीआयआर गटातल्या, पीसीआर सोबत करून तो नकारात्मक आला तरच पहिला धरावा, आणि किती प्रती बसल्या हे सदर्न ब्लॉटने (डीएनए कापून जनुकाच्या प्रती मोजण्याच्या चाचणीने) दाखवावे.

'आता जीन एडिटिंग आले, ऊतीसंवर्धनाची कटकट संपली,' असेही प्रस्तावांत वाचायला मिळते. जनुक कापणारी कात्री बदलली, तरी कापायची पेशी आणि तिच्यातून उभे करायचे रोप तेच आहे. टॉल फेस्क्यू षट्गुणित (गुणसूत्रांचे सहा संच), ४२ गुणसूत्रांचे. एका जनुकाच्या सहा प्रती एकदम बिघडवाव्या लागतात. स्वपरागी पिकात पुढच्या पिढीत कात्रीचे जनुक बाजूला काढून बदल दोन्ही प्रतींत शुद्ध करता येतो. स्व-असंगत गवतात दुसऱ्याशी संकर करावाच लागतो, आणि त्या दुसऱ्याकडून बदल न झालेल्या प्रती परत येतात. म्हणजे संपादन निदान दोन वेगळ्या जनुकरूपांत करावे लागेल, ज्यांचा पुढे एकमेकांशी संकर होईल. असे सांगणारा प्रस्ताव दिसला की समजावे, लिहिणाऱ्याला गवत ठाऊक आहे.

मक्याची बेबी बूम आणि वुशेल-२ ही भ्रूण घडवणारी जनुके वापरून हट्टी जनुकरूपांतूनही रोपे काढता येतात, हे २०१६ पासून दिसले आहे. २०२० मध्ये गव्हाच्या जीआरएफ-४ आणि जीआयएफ-१ या जनुकांच्या जोडीनेही तेच केले. चारा-गवतांसाठी ही सगळ्यांत आशेची वाट आहे, तिला जरूर पैसा द्यावा. फक्त बेबी बूम आणि वुशेल रोपात तशीच चालू राहिली तर रोप खुरटे, मुडपलेले, वांझ निघते, तेव्हा ती काम झाल्यावर कापून काढण्याची सोय रचनेतच आहे का, हे पाहावे.

वेळापत्रकाबद्दल. दाण्यापासून कॅलस आणि ओळींची चाळणी, मग परिवर्तन व निवड, मग कोंब, मुळे, कुंडी. एवढ्यात सहज वर्ष सरते. समशीतोष्ण गवतांना त्यानंतर ४ ते ६ अंशांत, लहान दिवसात ८ ते १२ आठवडे थंडी दिल्याशिवाय फुलोराच येत नाही. मग संकर, मग बी. पहिल्या पिढीचे बी हातात यायला दोन वर्षे धरावीत. दोन वर्षांत शेतचाचणीचे निकाल देऊ असे लिहिणाऱ्याने थंडीचा काळ धरलेला नाही, इतके त्यावरून उघड होते.

शेवटची विनंती प्रकल्प संपतो त्या दिवसाबद्दल. जैवसुरक्षेच्या नियमांप्रमाणे परिवर्तित रोपे, कॅलस आणि माध्यमे ऑटोक्लेव्ह करून नष्ट केली जातात. ते योग्यच आहे. पण त्याच साफसफाईत चाळणीतून निवडलेल्या ओळींची अपरिवर्तित मातृरोपेही उकिरड्यावर जातात आणि पुढचा प्रकल्प पुन्हा शेकडो दाण्यांपासून सुरू होतो. ती जीएम नाहीत, त्यांना कुंडी, माती आणि वर्षातून एकदा फुटवे वेगळे करणारा माणूस एवढेच लागते. भ्रूणजनक कॅलस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्याची सोय असेल तर उत्तम. समारोप अहवालात एक रकाना वाढवावा: निवडलेल्या ओळींचे क्रमांक, प्रत्येकीची किती मातृरोपे जिवंत आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत आणि मागितल्यास कुणाला देणार. तो रकाना भरल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

कळावे,

आपले,
गवतवर्गीय पिकांच्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळांतील कर्मचारी व संशोधक